कंपवाताच्या जनुकीय नकाशात मराठवाडा कोठे?

पुण्याहून सोलापूरमार्गे हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६५ नळदुर्ग मागे टाकून उमरग्याकडे निघाला की वाटेत जळकोट लागते. लातूर जिल्ह्यातील याच नावाचा तालुका वेगळा. हे धाराशिव जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यातील गाव. याच रस्त्यावर पुण्यात ‘आयसर’ आणि हैदराबादेत ‘सीसीएमबी’ अशा दोन संशोधन संस्था आहेत. सुमारे दहा हजार भारतीयांच्या जनुकसंचाचे वाचन करणाऱ्या ‘जिनोम इंडिया’ प्रकल्पात दोहोंचा सहभाग होता. म्हणजे जनुकशास्त्राचे अद्ययावत ज्ञान या महामार्गाच्या दोन्ही बाजूंना उपलब्ध आहे. परंतु मधल्या एखाद्या गावात साठीच्या शेतकऱ्याचा हात थरथरू लागला, अक्षर बारीक होऊ लागले, चालताना पाऊल जमिनीला चिकटल्यासारखे होऊ लागले, तर बहुतेक वेळा ‘वय झाले’ एवढेच निदान होते. हा कंपवात, म्हणजे पार्किन्सन्सचा आजार आहे, हे सांगू शकणारा मेंदूविकारतज्ज्ञ गाठायचा तर सोलापूरची वाट धरावी लागते.

कंपवात कशामुळे होतो, या प्रश्नाचे उत्तर आज लाखो माणसांच्या जनुकीय माहितीच्या साठ्यातून शोधले जात आहे. त्या साठ्यांत हा शेतकरी नाही. हा मुद्दा केवळ प्रतिनिधित्वाचा असता तर तो सोडून देता आला असता. पण त्या साठ्यांतून निघणाऱ्या निष्कर्षांवरच उद्याच्या चाचण्या आणि औषधे बेतली जाणार आहेत, आणि म्हणून त्याची अनुपस्थिती त्यालाच महागात पडणार आहे.

जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टरने १८१७ मध्ये या विकाराचे वर्णन केले. मध्यमेंदूत डोपामाइन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होतात, आणि निम्म्याहून अधिक पेशी गेल्यावर लक्षणे दिसू लागतात, असे मानले जाते. लेव्होडोपा या औषधाने लक्षणे आटोक्यात राहतात. पेशींचा ऱ्हास मात्र थांबत नाही. आजाराच्या जागतिक ओझ्याचा अंदाज बांधणाऱ्या अभ्यासानुसार २०१६ मध्ये जगात सुमारे ६१ लाख रुग्ण होते, त्यांपैकी भारतात सुमारे ५.८ लाख. २०२१ साठीचा जागतिक अंदाज १ कोटी १८ लाखांच्या घरात गेला. आयुर्मान वाढत असलेल्या देशात हा आकडा कोणत्या दिशेने जाणार हे सांगायला तज्ज्ञाची गरज नाही.

दीर्घकाळ हा आजार आनुवंशिक नाही असेच समजले जात होते. १९९७ मध्ये इटलीतील कोंतुर्सी गावाशी संबंधित एका मोठ्या कुटुंबात आणि काही ग्रीक कुटुंबांत ‘अल्फा-सायन्युक्लिन’ या प्रथिनाच्या जनुकातील दोष सापडला आणि ही समजूत मोडली. २००४ मध्ये ‘एलआरआरके-२’ हे दुसरे महत्त्वाचे जनुक हाती लागले. तथापि एकाच जनुकातील ठळक दोषामुळे आजार होणारे रुग्ण थोडे. उरलेल्यांत शेकडो बारीकसारीक जनुकीय फरक, वाढते वय आणि परिसर यांची सरमिसळ असते. एकेक कुटुंब तपासून ती उलगडत नाही. त्यासाठी हजारो रुग्ण आणि त्यांच्या कित्येक पट निरोगी माणसे यांच्या जनुकसंचातील लाखो जागा एकमेकांशी ताडून पाहाव्या लागतात. एखादा फरक रुग्णांत किंचित जास्त आढळतो, हे योगायोगाने नव्हे असे ठरवण्याची कसोटी इतकी कडक असते की लहान अभ्यासात ती पार होणेच अशक्य. या शास्त्रात माणसांच्या संख्येला एवढे महत्त्व आले ते यामुळे.

२०१९ मध्ये ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’त प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने या पद्धतीची ताकद दाखवली. सुमारे ३७ हजार ७०० रुग्ण, ज्यांच्या आई-वडिलांना वा भावंडांना हा आजार होता असे सुमारे १८ हजार ६०० जण आणि १४ लाख निरोगी व्यक्ती यांच्या माहितीतून जोखमीशी संबंधित ९० जनुकीय खुणा निश्चित झाल्या. या माहितीचा मोठा वाटा दोन ठिकाणांहून आला: पाच लाख नागरिकांची नोंद ठेवणारी ब्रिटनची ‘यूके बायोबँक’ आणि घरी लाळेचा नमुना घेऊन वंशावळ सांगणारी अमेरिकेतील ‘ट्वेंटीथ्री-अँड-मी’ ही खासगी कंपनी. हौसेने पूर्वज शोधायला निघालेल्या ग्राहकांनी कंपवाताच्या संशोधनाला मोठा हातभार लावला. एवढे करूनही या ९० खुणा आनुवंशिक जोखमीच्या १६ ते ३६ टक्के भागाचाच उलगडा करतात.

अशा साठ्यांचा उपयोग केवळ जनुकांची यादी वाढवण्यापुरता नाही. खरे कारण आणि नुसता सहवास यांतला फरक ओळखायला ते उपयोगी पडतात. याचे एक बोलके उदाहरण युरिक आम्लाचे. ज्यांच्या रक्तात युरिक आम्ल जास्त त्यांना कंपवात कमी होतो, असे अनेक पाहण्यांत दिसले होते. मग ते वाढवणारे औषध द्यावे, असा विचार पुढे आला आणि अमेरिकेत चाचणी सुरू झाली. जन्मतःच युरिक आम्ल जास्त ठेवणारे जनुकीय फरक ज्यांच्यात आहेत त्यांना या आजारापासून संरक्षण मिळते का, हे मोठ्या माहितीसाठ्यांत तपासले गेले तेव्हा तसे संरक्षण आढळले नाही. ती चाचणीही २०१८ मध्ये लाभाची शक्यता दिसत नसल्याने मुदतीपूर्वी थांबवावी लागली. उलट बाजूने, ‘जीबीए-१’ या जनुकाने पेशीतील टाकाऊ पदार्थांची विल्हेवाट लावणाऱ्या यंत्रणेकडे लक्ष वेधले आणि खोकल्यासाठी वर्षानुवर्षे वापरल्या जाणाऱ्या अँब्रोक्सॉल या औषधाची कंपवातासाठी तिसऱ्या टप्प्यातील चाचणी ब्रिटनमध्ये हाती घेण्यात आली.

युरोपचा नमुना, जगासाठी निष्कर्ष

अडचण अशी की २०१९ च्या त्या अभ्यासातील माणसे युरोपीय वंशाची होती. त्यांच्यात जे सापडले ते सर्वत्र तसेच लागू पडते असे नाही. ‘एलआरआरके-२’ जनुकातील ‘जी-२०१९-एस’ हा दोष अश्केनाझी ज्यू आणि उत्तर आफ्रिकेतील बर्बर समाजांत ठळकपणे आढळतो. गूगलचे सहसंस्थापक सर्गेई ब्रिन यांनी आपल्यात तो असल्याचे २००८ मध्ये स्वतःच जाहीर केले, आणि पुढे या आजाराच्या संशोधनासाठी फार मोठा निधी दिला. त्या दोषावर मात करणारी औषधे आज चाचण्यांच्या टप्प्यात आहेत. मात्र २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय रुग्णांच्या अभ्यासात हा दोष जवळजवळ आढळलाच नाही. ज्याच्यावर जगाचा पैसा लागला तो दोष इकडच्या रुग्णांपैकी फारच थोड्यांच्या उपयोगाचा.

याउलट उदाहरण नायजेरियाचे. २०२३ मध्ये आफ्रिकी वंशाच्या १,४८८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. युरोपीय अभ्यासांच्या तुलनेत ही संख्या नगण्य. तरीही त्यात ‘जीबीए-१’ जनुकातील एक असा फरक सापडला, जो आफ्रिकी वंशाच्या लोकांत सामान्य आहे आणि युरोपीयांत जवळपास नाहीच. युरोपातील आणखी दहा लाख नमुने तपासले असते तरी तो हाती लागला नसता. त्यानंतर युरोप, पूर्व आशिया, लॅटिन अमेरिका आणि आफ्रिका अशा चार वंशगटांची माहिती एकत्र करून जवळपास ४९ हजार रुग्णांचे विश्लेषण ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये आले. जगाच्या लोकसंख्येचा सुमारे चौथा हिस्सा असलेला दक्षिण आशिया त्या चारांत नव्हता.

भारताची अनुपस्थिती आणखी एका कारणाने खटकते. शेकडो वर्षे जातीतच सोयरीक करण्याच्या रूढीमुळे येथील अनेक समाज जनुकीयदृष्ट्या बंदिस्त राहिले आहेत. मूळच्या थोड्या पूर्वजांपासून वाढलेल्या अशा समाजांत दुर्मिळ दोष साठून राहतात आणि ओळखायलाही सोपे जातात. सीसीएमबीचे कुमारसामी थंगराज आणि हार्वर्डचे डेव्हिड राइश यांच्या गटाने २०१७ मध्ये दक्षिण आशियातील २६३ समूह तपासले. त्यांपैकी ८१ समूहांत हा परिणाम अश्केनाझी ज्यूंपेक्षाही तीव्र असल्याचे आढळले. मराठवाड्यालाही परिचित असलेल्या वैश्य समाजात भूल देताना वापरल्या जाणाऱ्या एका स्नायुशिथिलकाचा परिणाम लांबण्याचा धोका भूलतज्ज्ञ ओळखून आहेत, तो याच प्रकारचा. मुंबईचे ज्येष्ठ मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. भीमसेन सिंघल यांनी अग्रवाल समाजातील मुलांमध्ये मेंदूच्या पांढऱ्या भागाचा एक दुर्मिळ विकार ओळखला, आणि पुढे त्यामागचा एकच समान जनुकीय दोष सिद्ध झाला.

कंपवाताच्या बाबतीत महाराष्ट्रातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण मुंबईच्या पारशी समाजाचे. डॉ. नादिर भरुचा आणि सहकाऱ्यांनी पारशी वसाहतींतील १४,०१० रहिवाशांची घरोघर पाहणी केली. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार लाखामागे ३२८ जणांना हा आजार होता. काश्मीरमधील ग्रामीण पाहणीत १९९४ मध्ये हेच प्रमाण लाखामागे १४ आले. या दोन आकड्यांतील तफावत पाहून ‘पारशांची जनुके’ असा निष्कर्ष काढणे सोपे, पण घाईचे ठरेल. पारशी समाजात वृद्धांचे प्रमाणच मोठे आहे. वयाचा फरक हिशेबात घेतला की पारशांचा आकडा बराच खाली येतो. शिवाय खेड्यात रुग्ण ओळखला जाण्याआधीच दगावण्याची किंवा ‘म्हातारपण’ म्हणून नोंदीबाहेर राहण्याची शक्यता अधिक. मोजणीच भरवशाची नसेल तर तिच्यावर उभारलेले जनुकशास्त्र कितीही प्रगत असले तरी डळमळीतच राहणार.

रुग्णालयाच्या दारापर्यंत

देशात काहीच होत नाही असे मात्र नाही. दहा भारतीय केंद्रांतील, तरुण वयात कंपवात जडलेल्या ६७४ रुग्णांच्या जनुकसंचाचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. जर्मनी व लक्झेंबर्गमधील संस्थांच्या सहकार्याने ‘लक्स-जायंट’ ही मोठी जुळणी उभी राहिली असून देशभरातील रुग्णालयांतून नमुने गोळा झाले आहेत. २०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘ग्लोबल पार्किन्सन्स जेनेटिक्स प्रोग्रॅम’नेही युरोपबाहेरच्या रुग्णांना सामावून घेण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. बंगळूरच्या सेंटर फॉर ब्रेन रिसर्चच्या समन्वयाखाली २० संस्थांनी पार पाडलेल्या ‘जिनोम इंडिया’ची माहिती जानेवारी २०२५ मध्ये फरिदाबादच्या राष्ट्रीय माहिती केंद्रातून संशोधकांना खुली झाली. ८३ समूहांतील ९,७७२ व्यक्तींच्या जनुकसंचांत सुमारे १८ कोटी फरक नोंदले गेले. भारतीयांत ‘सामान्य’ काय हे सांगणारा हा पाया अत्यंत मोलाचा आहे.

पण ‘जिनोम इंडिया’ हा रुग्णांचा संग्रह नव्हे, आणि उरलेले प्रयत्न मोठ्या शहरांतील विशेषोपचार रुग्णालयांत येणाऱ्या रुग्णांवर आधारलेले आहेत. तेथवर कोण पोहोचतो? ज्याला भाडेखर्च परवडतो, ज्याच्या घरात सोबत जायला माणूस आहे आणि ज्याच्या डॉक्टरला वेळीच शंका आली, तो. स्त्रिया, भूमिहीन मजूर आणि ऐंशी ओलांडलेले वृद्ध या चाळणीतून गळतात. युरोपीय साठ्यांतील पक्षपाताबद्दल तक्रार करताना देशांतर्गत साठ्यांत शहरी-ग्रामीण असा नवा पक्षपात तयार होत असेल, तर त्याकडे डोळेझाक करून चालणार नाही.

बार्शीने घालून दिलेला पायंडा

खेड्यांतून विश्वासार्ह माहिती गोळा होऊ शकत नाही, हा आक्षेप निदान धाराशिव जिल्ह्याच्या बाबतीत टिकणारा नाही. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयात १९८७ मध्ये ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शीबरोबर तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील भूम आणि परंडा हे तालुके तिच्या कक्षेत होते. रुग्ण दवाखान्यात येण्याची वाट न पाहता कार्यकर्ते ठरलेल्या वेळी गावोगाव जात, लोकांना आजाराची लक्षणे समजावून देत, संशयित रुग्णांना तपासणीसाठी आणत. याच अनुभवाच्या बळावर १९९९ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयीची मोठी चाचणी सुरू झाली. ५२ ग्रामसमूहांतील ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ महिला तिच्यात होत्या. २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निष्कर्ष आले: एचपीव्ही विषाणूची तपासणी एकदाच केलेल्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, तर जवळपास तेवढ्याच आकाराच्या, तपासणी न केलेल्या गटात ६४. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये एचपीव्ही तपासणीला प्राधान्य देणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांच्या मागे उभ्या असलेल्या पुराव्यांत उस्मानाबादच्या खेड्यांचा वाटा मोठा आहे. जगाने या जिल्ह्याकडून शिकावे असे ते काम होते, ही गोष्ट राज्यातच पुरेशी ठाऊक नाही.

त्या चाचणीवर पुढे वादही झाला. तपासणी न झालेल्या ३१ हजारांहून अधिक महिलांना नेहमीची आरोग्यसेवा आणि माहिती एवढेच मिळाले. पर्याय उपलब्ध असताना असा गट ठेवणे नैतिक होते का, असा प्रश्न वैद्यकीय नियतकालिकांत विचारला गेला. या प्रश्नाचे ओझे जनुकीय अभ्यासांवर अधिकच पडते. कर्करोगाच्या तपासणीत निदान सहभागी बाईचा जीव वाचू शकत होता. रक्ताची कुपी देणाऱ्या कंपवाताच्या रुग्णाला मात्र त्यातून स्वतःसाठी बहुधा काहीच मिळत नाही. दोष सापडलाच तर तो मुलाबाळांतही असू शकतो, हे त्याला समजावून सांगणारे समुपदेशक ग्रामीण भागात दुर्मिळ आहेत. मुलीच्या लग्नाच्या वेळी ही माहिती बाहेर आली तर काय, ही भीती काल्पनिक म्हणता येणार नाही.

कायद्याचा आधारही तोकडा आहे. अमेरिकेने २००८ मध्येच आरोग्य विमा व नोकरीत जनुकीय भेदभावाला बंदी घातली. भारतात असा स्वतंत्र कायदा नाही. आनुवंशिक आजाराच्या सबबीवर विमा नाकारण्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये निकाल दिला, पण ते प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. २०२३ च्या व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्यात जनुकीय माहितीसाठी वेगळा, अधिक कडक वर्ग ठेवलेला नाही. ज्या ‘ट्वेंटीथ्री-अँड-मी’च्या ग्राहकांनी २०१९ च्या अभ्यासाला बळ दिले, ती कंपनी मार्च २०२५ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि दीड कोटी लोकांच्या जनुकीय माहितीचे काय होणार, असा प्रश्न उभा राहिला. पासवर्ड बदलता येतो, जनुके बदलता येत नाहीत.

फवारणीचा हिशेब कोण ठेवणार?

धाराशिवसारख्या जिल्ह्यातून जगाला जे मिळू शकते ते केवळ जनुकीय वैविध्य नव्हे. कंपवाताचा कीटकनाशके आणि तणनाशकांशी असलेला संबंध आता गांभीर्याने घेतला जातो. फ्रान्सने २०१२ मध्ये कीटकनाशकांशी संपर्क येणाऱ्या शेतकऱ्यांतील कंपवाताला व्यावसायिक आजार म्हणून मान्यता दिली. अमेरिकेत फवारणी करणाऱ्यांच्या अभ्यासात पॅराक्वाट हे तणनाशक आणि रोटेनोन हे कीटकनाशक वापरणाऱ्यांना हा आजार होण्याची शक्यता सुमारे अडीच पट आढळली. त्याच गटाच्या २०१२ च्या विश्लेषणात, विषारी द्रव्यांचा निचरा करणारे ‘जीएसटीटी-१’ हे जनुक ज्यांच्यात मुळातच नाही अशा पुरुषांत पॅराक्वाटमुळे जोखीम कितीतरी अधिक, म्हणजे अकरा पटींच्या आसपास दिसली. अभ्यास लहान होता. आकडा शब्दशः घेऊ नये. पण प्रश्न नेमका हाच आहे: तेच औषध फवारणाऱ्या दोघांपैकी एकालाच आजार का होतो? याचे उत्तर जनुक आणि परिसर यांच्या नोंदी एकाच माणसाच्या नावापुढे असल्याशिवाय मिळत नाही. सोयाबीनच्या आणि द्राक्षांच्या पट्ट्यात कोणी किती वर्षे, कोणते औषध, हातमोजे घालून की उघड्या हाताने फवारले, याची नोंद ठेवणारी यंत्रणा नाही. ज्या मजुराने सर्वांत जास्त फवारणी केली त्याच्या नावावर तर औषधाची पावतीही नसते.

म्हणून रक्ताच्या कुप्या घेऊन गाडी गावात येण्याआधी करावयाची कामे वेगळी आहेत. मुंबईतील पारशी वसाहतींत घरोघर जाऊन जे झाले तेच येथेही करता येईल: प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी साध्या प्रश्नावलीवरून संशयित वेगळे काढायचे आणि मग मेंदूविकारतज्ज्ञाने त्यांना तपासायचे. आशा कार्यकर्त्या गावोगाव आहेत. धाराशिवचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२२ मध्ये सुरू झाले आहे. तुळजापूरला टाटा समाजविज्ञान संस्थेचे संकुल आहे आणि बार्शीचा अनुभव शेजारीच आहे. पुण्या-मुंबईत रुग्ण व कुटुंबीयांना आधार देणाऱ्या संस्था दोन दशकांहून अधिक काळ काम करीत असून समुपदेशनाची मराठी भाषा त्यांनी घडवली आहे. लेव्होडोपा राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. ते जळकोटच्या रुग्णाला जवळच्या सरकारी दवाखान्यात बाराही महिने मिळेल अशी तजवीज करणे ही त्या पाहणीची पहिली अट ठेवावी लागेल. निदान आणि औषध देणारी नोंदणी दोन-तीन वर्षे चालली तर जनुकीय नमुन्यासाठी संमती मागण्याचा अधिकार संशोधकांना येईल, आणि ती नाकारण्याचे बळ रुग्णालाही.

अशा एका जिल्ह्यातून मिळणारे रुग्ण काही शेकड्यांतच असतील. १४ लाखांच्या अभ्यासापुढे ही संख्या फार लहान दिसते. आफ्रिकी वंशाच्या त्या अभ्यासातील रुग्णही दीड हजारच होते.